तेनुगुई रंगवताय? या चुका टाळा, नंतर मला फोटो पाठवू नका

दर वर्षी तेच. कुणीतरी जपान फिरून येतं, ओसाकाच्या बाजूला एखाद्या कापड रंगवायच्या रंगशाळेत दोन तास बसून एक तेनुगुई (जपानी सुती पंचा) रंगवून येतं, घरी जाऊन म्हणतं सोप्पंय की हे, आणि पंधरा दिवसांनी मला फोटोसकट मेसेज येतो, "ताई रंग पसरला, दुसरा कुठला रंग आणू?" अहो रंगाने तुमचं काय घोडं मारलंय. रंग हा या सगळ्या प्रकारातला शेवटचा पाहुणा, तो येईपर्यंत निम्मं कार्य बिघडून बसलेलं असतं.

माझं माहेर इचलकरंजीचं. घरात आठ माग, झोपेतसुद्धा खडखडाट ऐकून वाढलेली मी, त्यामुळे कापड म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको असा एक तोरा होता. लग्नानंतर साकाईला आले (ओसाकाला दक्षिणेकडून अगदी चिकटून आहे) आणि गेली नऊ वर्षं शनिवारी इथल्या एका छोट्या रंगशाळेत हाताखाली काम करते. मालकांना सगळे ताईशो म्हणतात, मीपण. ताईशो फार बोलत नाहीत, चुकलं की एकच शब्द, "आकान". इकडच्या बोलीत म्हणजे नाही चालायचं. तो शब्द मी इतक्या वेळा ऐकलाय की आता घरात पोळी करपली की माझी मुलगी मला आकान म्हणते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तेनुगुई म्हणजे आपला पंचा डोळ्यासमोर आणा, पण अरुंद, साधारण ३४ सेंटीमीटर रुंद आणि ९० सेंटीमीटर लांब, साधी वीण, टर्किश टॉवेलसारखी लव नाही. ही रुंदी किमोनोच्या अरुंद मागावरून आलेली. हात पुसा, डोक्याला बांधा, डबा गुंडाळा. केंदो खेळणारे शिरस्त्राणाखाली डोक्याला हीच बांधतात, आणि राकुगोवाले बसल्या जागी गोष्ट सांगताना घडीच्या तेनुगुईचं कधी पाकीट करतात कधी पुस्तक.

ती रंगवायची जी पद्धत मी शिकतेय ती चूसेन, म्हणजे ओतून रंगवणं. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) ओसाकात वाढलेली पद्धत आहे, इथल्या कामाला २०१९ मध्ये नानिवा होन्झोमे या नावाने सरकारी पारंपरिक हस्तकलेचा दर्जा मिळाला. करायचं असं: कापडाचा अख्खा तागा घ्यायचा, टेबलावर एक तेनुगुईभर लांबी पसरायची, वरून स्टेन्सिलची चौकट खाली आणायची, लाकडी पट्टीने नोरी ओढायची, चौकट वर, कापडाची घडी उलट दुमडून त्यावरच आणायची, परत चौकट, परत नोरी, असं वीस-चोवीस घड्या एकावर एक. नोरी म्हणजे चिकणमाती आणि समुद्री शेवाळातला चिकट पदार्थ यांची लापशी (सुशीवाली नोरी वेगळी, उच्चार तोच, पहिल्या आठवड्यात माझाही गोंधळ झालेला). जिथे नोरी तिथे रंग शिरत नाही. मग तो गठ्ठा भुसा भुरभुरून रंगाच्या टेबलावर जातो, वेगवेगळ्या रंगांमध्ये नोरीचाच बांध घालायचा, शेताला घालतो तसा, आणि किटलीतून रंग ओतायचा. खालून पंप, पायाने पेडल दाबलं की रंग सगळ्या थरांतून खाली ओढला जातो. मग गठ्ठा उलटा करून दुसऱ्या बाजूनेही तेच. म्हणून चूसेनच्या तेनुगुईला उलट-सुलट बाजू नसते. घडी उलटीसुलटी दुमडत गेल्यामुळे ताग्यावर बघितलं तर एक सोडून एक नक्षी आरशातल्यासारखी उलटी दिसते, कापून पलटली की सगळ्या सारख्या.

आता एवढं कळलं की चुका कुठे होत असणार ते दिसायला लागेल. चोवीस थरांतला तुम्हाला फक्त सगळ्यात वरचा दिसतोय.

खळ न काढता रंगवायला बसणं

हे मी इचलकरंजीची असून केलं, म्हणून इतरांना बोलायचा मला हक्क आहे. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देतात, नाहीतर धागे तुटतात. विणून आलेल्या ग्रे म्हणजे कोऱ्या कापडात ती खळ असते, वर कापसाचं स्वतःचं मेण असतं. पाणीच आत जात नाही तर रंग कुठून जाणार, आणि एका थरात जरी थोडं अडलं तरी चोवीस थरांत मिळून अडतं ते मधोमध.

इथे साकाईत, इशिझु नदीच्या काठच्या भागात, वाझाराशी नावाचं काम पिढ्यान् पिढ्या चालतं. मोठ्या भट्टीत कापड न ताणता सावकाश शिजवायचं, धुवायचं, परत, सगळं मिळून तीन-चार दिवस. मशीनवर ताणून झटपट ब्लीच केलेलं कापड तासाभरात निघतं पण ते दाबल्यासारखं सपाट होतं. वाझाराशीचं कापड हाताला मऊ लागतं, कारण त्याला कुणी ओढलेलं-दाबलेलं नसतं. मी पहिल्या भारतवारीत मोठ्या हौसेने माहेरून वीस मीटर कापड आणलं, दोनदा वॉशिंग मशीनमधून काढलं, ताईशोंपुढे ठेवलं. त्यांनी बोटाने पाण्याचा एक थेंब वर टाकला. थेंब अळवाच्या पानावर बसतो तसा बसून राहिला. आकान.

तर तुमच्यासाठी उपाय तोच, थेंब टाका. लगेच पसरून मुरला तर कापड तयार. बसून राहिला तर कापड वॉशिंग सोडा आणि थोडा साधा साबण घालून मोठ्या पातेल्यात चांगलं तासभर उकळा, पाणी पिवळट होईल ते बघून घाण वाटेल, ती तुमची खळ आणि मेण, फेकून द्या आणि परत थेंब. मी तीन ठिकाणी थेंब टाकते, दोन्ही टोकांना आणि मध्ये. आणि कृपा करून पॉलिस्टर मिक्स घेऊ नका, दुकानदार "कॉटनच आहे" म्हणाला म्हणून घेतलं असं सांगणारे तीन जण मला याच वर्षी भेटलेत. एक धागा जाळून बघायला किती वेळ लागतो?

जाडीचं म्हणाल तर इथे मुख्यतः दोन प्रकार चालतात, ओका म्हणजे २० नंबरच्या सुताचं जरा भरड आणि तोकुओका म्हणजे ३० नंबरचं बारीक. नवशिक्याला बारीक कापड भारी वाटतं. बारीक नक्षी असेल तर ते घ्याच, पण भांडी पुसायला, घाम टिपायला मला भरडच आवडतं.

स्टेन्सिल उलटं कापणं

जिथे कापाल तिथून नोरी उतरेल आणि तिथे पांढरं राहील. रंग हवा तिथे कापायचं नसतं. एवढंच. तरी प्रत्येक बॅचमध्ये एक जण पांढऱ्या जमिनीवर निळा मासा काढायला जातो आणि निळ्या जमिनीवर पांढरा मासा घेऊन घरी जातो.

अक्षरं काढणाऱ्यांसाठी जादा सूचना: "मोरया" कापलंत की "म"चं पोट गळून खाली पडतं. आतली बेटं धरून ठेवायला इथे स्टेन्सिलवर बारीक जाळी चिकटवतात, खुद्द स्टेन्सिलचा कागद ओल्या कच्च्या पर्सिमॉन फळाच्या रसाने पक्का केलेला वाशी कागद असतो. तुमच्याकडे जाळी नसेल तर अक्षराला पूल ठेवा, भिंतीवर स्प्रेने नंबर टाकतात त्यात असतो तसा. दिसायला वाईट दिसत नाही.

नोरी: रेसिपी मागू नका

लोकांना ग्रॅम हवे असतात. इतकी माती, इतकी पावडर, इतकं पाणी. ताईशोंकडे असं काही लिहिलेलं नाही, कारण जूनच्या पावसाळ्यात लागते ती नोरी आणि जानेवारीच्या कोरड्या थंडीत लागते ती नोरी एक नाही. घट्ट झाली तर पट्टीखाली रेघा पडतात, बारीक नक्षी भरत नाही. पातळ झाली तर नक्षीच्या कडा फुगतात, मोगऱ्याची कळी कोबी दिसते. मी अंदाज कसा घेते तर श्रीखंड. चक्का म्हणजे फार घट्ट, मठ्ठ्याकडे झुकली तर गेलीच, पट्टीवरून सावकाश एका तुकड्यात घसरून पडली पाहिजे. ही काही पद्धत नाही, माझी सवय आहे, पण मला चालते. आणि आदल्या दिवशीची उरलेली नोरी नव्यात ढकलू नका, गुठळी एकच असते पण ती चोवीस तेनुगुयांवर रेघ ओढते.

कापड ओढणं (इथे जरा बसा)

ही माझी लाडकी चूक. लाडकी अशासाठी की हिने मला एका रात्रीत जेवढं शिकवलं तेवढं आधीच्या तीन वर्षांत शिकले नव्हते.

आमच्या इथल्या पाच-पन्नास मराठी घरांचा मिळून गणपती बसतो. एका वर्षी मीच बोलून बसले की प्रसादाबरोबर घरटी एक तेनुगुई देऊ, मी रंगवते. बहात्तर नग. लाल जमीन, त्यावर हळदी पिवळे मोदक, मोदकाभोवती पांढरी रेघ. ती रेघ महत्त्वाची, कारण लाल आणि पिवळ्यामधली भिंत तीच. टेबलावर तुम्ही वरून जो बांध घालता तो त्या रेघेवरच उभा असतो, आणि त्याच्या बरोबर खाली प्रत्येक थरात नोरीची तीच रेघ असते, म्हणून रंग सरळ विहिरीत उतरावा तसा खाली जातो. मी रेघ ठेवली तीन मिलिमीटर. ताईशो बघून म्हणाले, जाड कर. मी म्हटलं नाजूक छान दिसते.

ऑगस्टचा दुसरा आठवडा, ओबोनच्या (इकडचा पितरांचा सण) सुट्टीत रंगशाळा बंद होणार, त्याआधीचे दोन दिवस मला टेबल मिळालं. पहिला गठ्ठा चोवीसचा, सकाळी, निवांत, उत्तम झाला. दुसरा पण दुपारपर्यंत झाला. तिसरा संध्याकाळी. बाहेर दमट गरम हवा, अंगाला कपडे चिकटलेले, मुलगी शाळेच्या क्लबमधून घरी येऊन उपाशी बसलेली, आणि माझं लक्ष घड्याळाकडे. घडी दुमडली की कापडाला चुण्या येतात, त्या तळव्याने मधून बाहेर अशा नुसत्या हलकेच सरकवायच्या असतात. मी काय केलं, टोक धरून ओढायला लागले. ओढलं की चुणी एका झटक्यात जाते, कित्ती छान, दहा सेकंद वाचले. पण ओढताना खालची घडी, जिच्यावर नोरी ओली आहे, ती पण हिसका खाऊन एखादा मिलिमीटर सरकते. चौकट टेबलाला पक्की आहे, ती बिचारी दर वेळी त्याच जागी उतरते, त्यामुळे वरून बघितलं तर प्रत्येक नक्षी जागच्या जागी! खालचं सरकलेलं झाकलं गेलं.

बांध घातला, पिवळा ओतला, लाल ओतला, उलटवलं, परत पिवळा, परत लाल. वरून बघते तर देखणं. उलटवून बघते तर देखणं. मी ताईशोंना हाक मारून दाखवलं सुद्धा. ते काही बोलले नाहीत, गठ्ठा उचलून धुवायच्या हौदात सोडला, आणि वरून उलगडायच्या ऐवजी बोटं घालून बरोब्बर मधली घडी बाहेर काढली.

मोदकांना लाल मिशा फुटलेल्या. एका बाजूने लाल आत शिरलेला, मोदक अर्धे केशरी, पांढरी रेघ गायब. वरचे सहा-सात ठीक, खालचे पाच-सहा ठीक, कारण दोन्ही बाजूंनी रंग ओतताना टोकाच्या थरांना सरळ रंग मिळतो. मधले अकरा गेले. मी एवढंच म्हणू शकले की वरून तर चांगलं दिसत होतं. ताईशोंनी त्यातली एक पिळली, टेबलाच्या वरच्या खिळ्याला अडकवली आणि दिवे बंद करून घरी गेले. ती अजून तिथेच आहे, नवीन कोणी शिकायला आलं की मी न विचारता तिची गोष्ट सांगते, तसं ते आधीच वरच्या थराचा फोटो काढत असतात.

तर माझ्या सवयी आता अशा. चुणी ओढायची नाही, तळव्याने किंवा हाताच्या मागच्या बाजूने सारायची, जात नसेल तर घडी उचलून परत टाकायची. दर घडीनंतर खाली वाकून गठ्ठ्याचा काठ बघायचा, पत्त्यांचा कॅट ठोकून सरळ केल्यासारखा एका ओळीत दिसला पाहिजे, एखादं पान बाहेर आलं की तिथेच थांबायचं, पुढे रेटायचं नाही. आठ घड्या झाल्या की पट्टी खाली ठेवायची, चहा घ्यायचा. रेघ पाच मिलिमीटरच्या खाली नाही, नाजूक बिजूक नंतर. आणि धुताना पहिल्यांदा मधली काढायची. वरची बघून खूश होणारे लोक मला आता ओळखू येतात, मी त्यांच्यातलीच.

(त्या वर्षी अकरा घरांना मिशीवाले मोदक गेले. एका काकूंनी फोन करून सांगितलं की तळणीतले मोदक आहेत ना ते, आवडले हो. मी हो म्हटलं.)

घरात पंप नाही म्हणून व्हॅक्यूम क्लिनर लावणं

नका लावू. खरंच. एका गृहस्थांनी जाळीखाली घरचा व्हॅक्यूम क्लिनर जोडून व्हिडिओ पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं जुगाड. साधा क्लिनर ओलं ओढायला बनवलेला नसतो, मोटरमध्ये पाणी आणि तुमच्या हातात ओली किटली, शॉक बसेल. घरी करायचंय तर चोवीस थरांचा हट्ट सोडा, बारीक कापडाच्या तीन-चार घड्या घ्या, खाली जुनी टर्किश टॉवेलची जाड गादी करा, ती रंग ओढते. थोड्या वेळाने उलटवा. पंपाइतकं स्वच्छ होणार नाही, पण घरातले सगळे दिवे चालू राहतील.

रंगाबद्दल, कारण विचारणारच

घरी रिअ‍ॅक्टिव्ह डाय वापरत असाल तर सोडा घातलेला रंग साठवून ठेवू नका. सोडा पडला की रंगाची पाण्याशीच झटापट सुरू होते आणि काही तासांत त्याचा जोर जातो, कापडावर चढतो तो नुसता दिसायला, पहिल्या धुण्यात निघून जातो. लागेल तेवढाच कालवा. भुकटी कालवताना तोंडाला मास्क लावा. रंग ओतताना किटली उंच धरून धार सोडायची नाही, चहा ओततो तसा तोरा नको, बांध फुटतो. छटा उतरत जाणारी हवी असेल, म्हणजे बोकाशी, तर दोन किटल्या दोन हातांत घेऊन एकदम ओततात, ते बघायला जादू वाटतं आणि म्हणून प्रत्येकाला पहिल्याच दिवशी तेच करायचं असतं. आधी एका रंगाची एक तेनुगुई नीट काढून दाखवा.

हौदात भिजत घालून जेवायला जाणं

पूर्वी हे धुणं नदीत व्हायचं, वाहत्या पाण्यात, आणि त्याला कारण होतं. सुटलेला जास्तीचा रंग पाण्यात असतो, पाणी थांबलं की तो येऊन तुमच्या पांढऱ्यावर बसतो. शिवाय नोरी धुतली जाऊन कापड उघडं पडतं ते याच वेळी. कापड एका टोकाला धरून पाण्यात झटकत, हलवत राहायचं, नितळ पाणी येईपर्यंत. घरी बादली असेल तर पाणी बदला, परत बदला, अजून एकदा बदला. "रात्रभर भिजवलं म्हणजे चांगलं निघेल" हा आपल्याकडच्या धुण्याचा हिशोब इथे उलटा पडतो. पांढरं गुलाबी झालेलं परत पांढरं होत नाही, ब्लीच टाकाल तर नक्षी पण जाईल. गुलाबी आवडतं म्हणायला शिका.

वाळवायचं सावलीत. आमच्याकडे अख्खा तागा उंच मांडवावरून खाली सोडतात, वारा असला की फडफडतो. पिळून गोळा करून ठेवला तर चुणीच्या रेषा रंगात राहतात.

विकत घेताना, वापरताना

मागची बाजू बघा. फिकी किंवा पांढरी असेल तर ती छापलेली, वाईट नाही, स्वस्त असते, बारीक चित्रं त्यातच जमतात, फक्त चूसेनचे पैसे देऊ नका. कडेला रंग किंचित इकडेतिकडे झालेला असेल तर तो दोष समजून बदलून मागू नका, हाताने ओतलेल्याची ती खूण आहे. (माझ्या मिशा वेगळ्या, तो दोषच होता.)

पहिल्या काही धुण्यांत रंग जातो, वेगळी धुवा. गरम पाणी नको. फॅब्रिक सॉफ्टनर तर अजिबात नको, धाग्यावर थर बसतो आणि पाणी टिपायचं सोडून ती नुसती पाणी इकडचं तिकडे करते. हे टर्किश टॉवेललाही लागू.

टर्किशचं निघालंय म्हणून, "नवीन जपानी टॉवेल पाणीच टिपत नाही" अशी पण तक्रार येते. यात साधारण दोन घराणी. एक साकाईच्या अजून दक्षिणेला सेन्शू, इझुमिसानो गाव, तुम्ही कानसाई विमानतळावर उतरता ना तिथेच, १८८७ साली जपानातलं टॉवेल विणणं तिथून सुरू झालं. सेन्शूवाले आधी विणतात आणि नंतर शिजवून-धुवून खळ, तेल सगळं काढतात, त्यामुळे टॉवेल पहिल्या दिवसापासून टिपतो. दुसरं एहिमे प्रांतातलं इमाबारी, तिथे सूत आधी धुऊन रंगवून मग विणतात, नक्षी सुंदर निघते. त्यांची एक परीक्षा आहे, टॉवेलचा छोटा तुकडा पाण्यावर टाकला तर तो पाच सेकंदांच्या आत बुडायला लागला पाहिजे. घरी करून बघा, सोलापुरी टॉवेलवर पण करा, मी केली, तीन धुण्यांनंतरचा सोलापुरी दगडासारखा गेला खाली. आणलेला टॉवेल आधी नुसत्या पाण्यात एकदा धुवायचा, मग वापरायचा, एवढं केलं की निम्म्या तक्रारी संपतात.

आणि शेवटी, काठ शिवणं

यावरून मी नातेवाइकांशी भांडलेय.

तेनुगुईच्या लांब दोन बाजूंना विणलेला काठ असतो, पण आखूड दोन बाजू नुसत्या कापलेल्या. तिथून धागे सुटतात, आपल्या उपरण्याला दशा असतात तशा होतात. हे मुद्दाम आहे. शिवलेल्या दुमडीत पाणी राहतं, मळ राहतो, कापड कडेने लवकर वाळत नाही. दुमड नसली की झटकून टाकलं की झालं. शिवाय पूर्वी चपलेचा पट्टा तुटला, बोट कापलं, की दाताने टोक धरून सर्रकन पट्टी फाडायची, शिवलेलं असतं तर फाटलं नसतं. सुटलेला धागा ओढायचा नाही, ओढला की आडवा धागा अख्खा निघत येतो आणि तुम्ही घाबरून अजून ओढता. कात्रीने लांबलेलं तेवढं कापायचं. चार-सहा धुण्यांत साधारण एक सेंटीमीटरभर दशा होतात आणि तिथे आपोआप थांबतं. मी पहिल्या धुण्यानंतर कापते, मग तिसऱ्यानंतर, मग विसरते.

हे सगळं मी आत्याला फोनवर सांगितलं होतं. गेल्या वर्षी तिच्यासाठी सहा तेनुगुया नेल्या, त्यातल्या दोन माझ्या हाताच्या, एक कामावानू नक्षीची, विळा (कामा), वर्तुळ (वा) आणि नु हे अक्षर मिळून "मला पर्वा नाही" असा शाब्दिक खेळ आहे, एडोतले (म्हणजे जुन्या टोकियोतले) काबुकी नट इचिकावा दांजुरो सातवे यांनी ती लोकप्रिय केली. आत्या म्हणाली छान आहेत गं, पण तुझ्या त्या लोकांना काठ शिवायला वेळ मिळाला नाही वाटतं. मी परत सगळं सांगितलं, मळ, पाणी, चपलेचा पट्टा. ती हो हो म्हणाली. मी सांगलीला दोन दिवस जाऊन आले तोवर सहाच्या सहा कोपऱ्यावरच्या टेलरकडून इंटरलॉक करून, दुमडून, वर शिलाई मारून, इस्त्री करून घडी करून ठेवलेल्या. जोडीला प्रत्येकाला अडकवायला एक लूप पण. पर्वा नाही वालीलासुद्धा.

पाच तेनुगुया मी परत घेऊन आले, सहावी तिने दिली नाही, देवघरात आहे. रात्री मुलगी झोपली की एक काढते, उसवायला बसते. टेलरने टाके इतके बारीक घातलेत की कापडाचे धागे आणि त्याचे धागे वेगळे करताना डोळे जातात, अजून तिसरीवरच आहे.